मेंदूंतील व मज्जारज्जूंतील गांठी आणि त्यांवरील उपचार

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिचा रोख जिवावर आहे. पण शब्दशः पाहिलें तरीही ती खोटी नाहीं. आपण पाहतों, बोलतों, चालतों, गणित सोडवितों, रागावतों, क्षमा करितों, तें सर्व शिरांतील एका मऊ गोळ्याच्या आधारें. त्या गोळ्यांत, किंवा त्यापासून निघून पाठीच्या कण्यांतून खालीं उतरणाऱ्या दोरींत, गांठ उत्पन्न झाली असें कानीं पडतांच घरांतील माणसांच्या पायांखालची जमीन सरकते. ‘ब्रेन ट्यूमर’ हे दोन शब्द आतां खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहेत. परंतु त्या शब्दांबरोबर जी माहिती पोंचावयास हवी होती ती मात्र पोंचलेली नाहीं. पोंचली आहे ती भीति. भीतीनें माणूस एकतर नको तितका घाबरतो, नाहीं तर डोळे मिटून घेतो, आणि या रोगांत दोन्ही गोष्टी घातक ठरतात. म्हणून या लेखांत या गांठी म्हणजे काय, त्या ओळखाव्या कशा, आणि त्यांवर आज कोणते उपचार होतात, हें साध्या भाषेंत सांगण्याचें योजिलें आहे.

कवटी आणि कणा

प्रौढ माणसाच्या मेंदूचें वजन सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम असतें. तो लोण्यासारखा मऊ असल्यामुळें निसर्गानें त्यास कवटीच्या हाडांत ठेविलें आहे. हाडाच्या आंत तीन आवरणें आहेत व त्यांमध्यें पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. हा द्रव कोणत्याही क्षणीं साधारण १५० मिलिलिटर असतो. पण दिवसभरांत सुमारें ५०० मिलिलिटर नवा तयार होतो आणि तितकाच रक्तांत शोषला जातो. ही येजा अडली तर काय होईल हें पुढें दिसेलच.

मेंदूच्या तळापासून मज्जारज्जू निघतो. तो करंगळीएवढा जाड व सुमारें ४५ सेंटिमीटर लांब असतो, आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं संपतो. त्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात व हातापायांस, धडास आणि आंतल्या इंद्रियांस जाऊन मिळतात. मेंदूचा हुकूम याच वाटेनें खालीं जातो आणि काटा बोंचल्याची वर्दी याच वाटेनें वर येते. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या अंगास चालविते व डावी बाजू उजव्या अंगास. डावा हात दुबळा झाला तर वैद्य मेंदूच्या उजव्या बाजूकडे पाहतो, तें यामुळेंच.

कवटी ही चांगली तिजोरी खरी. पण तिच्यांत एक अडचण आहे. ती ताणली जात नाहीं. तिच्यांत मेंदू, रक्त आणि द्रव या तिघांपुरतीच जागा आहे. गच्च भरलेल्या ट्रंकेंत आणखी एक लुगडें कोंबूं लागलें म्हणजे आंतले कपडे चुरगळतात. तसेंच कवटींत चौथी वस्तू शिरली कीं बाकीच्या तिघांवर दाब पडतो. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्यामुळें त्याचें डोकें वाढूं शकतें. मोठ्या माणसास ती सवलत नाहीं. मेंदूंतील गांठीचीं पुष्कळशीं लक्षणें या एका गोष्टीवरून उलगडतात.

गांठ म्हणजे काय

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशीस केव्हां वाढावें आणि केव्हां थांबावें याची शिस्त असते. कांहीं कारणानें एखाद्या पेशीच्या आंतील आज्ञालेख बिघडतो, ती थांबेनाशी होते, आणि शेतांत तण माजावें तशी तिची संतति माजते. या माजलेल्या पेशींचा गोळा म्हणजे गांठ, अर्थात् अर्बुद.

गांठींचे पहिले दोन भेद त्यांच्या जन्मस्थानावरून पडतात. कांहीं गांठी मेंदूंत, त्याच्या आवरणांत किंवा तेथील मज्जातंतूंवर जन्मतात. दुसऱ्या गांठी परक्या असतात. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड वगैरे ठिकाणच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूंत येऊन तेथें बिऱ्हाड करितात. प्रौढांमध्यें घातक गांठींपैकीं या परक्या गांठीच अधिक आढळतात.

दुसरा भेद सौम्य व घातक असा आहे. सौम्य गांठ सावकाश वाढते, तिची कड स्पष्ट असते व ती शेजारच्या भागांत मुळें सोडीत नाहीं. घातक गांठ लवकर वाढते व आजूबाजूस मुळें पसरते. जागतिक आरोग्य संघटनेनें गांठींच्या १ ते ४ अशा पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिली सर्वांत सौम्य, चौथी सर्वांत उग्र. तथापि ‘सौम्य’ या शब्दानें फसूं नये. हातावर सुपारीएवढी सौम्य गांठ असली तर माणूस ती जन्मभर वागवितो. तीच मेंदूच्या देठाशीं असली तर श्वास थांबवूं शकते. मेंदूंत गांठीची जात जितकी महत्त्वाची, तितकीच तिची जागाही महत्त्वाची आहे.

मुख्य प्रकार सांगावयाचे तर असे. मेंदूच्या आवरणापासून वाढते ती मेनिंजिओमा. हें नांव हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९२२ सालीं दिलें. ही गांठ बहुधा सौम्य असते व स्त्रियांमध्यें अधिक आढळते. मेंदूंतील आधारपेशींपासून होते ती ग्लायोमा. तिचे उपप्रकार पुष्कळ असून सर्वांत उग्र उपप्रकारास ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथि आहे. तिच्यांत गांठ झाली तर शरीराच्या वाढीचा मेळ बिघडतो, आणि वरून जाणाऱ्या दृष्टीच्या तंतूंवर दाब पडून दोन्ही बाजूंचें दिसेनासें होतें. ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या तंतूवर गांठ झाली तर एका कानानें कमी ऐकूं येतें व त्या कानांत सतत आवाज होतो. लहान मुलांत मेडुलोब्लास्टोमा नांवाची गांठ लहान मेंदूंत होते व तोल बिघडविते. मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गांठींचाच क्रम लागतो.

येथें आपल्या देशापुरती एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. स्कॅनच्या चित्रांत दिसलेली प्रत्येक गांठ अर्बुदच असते असें नाहीं. आपल्याकडे क्षयाच्या जंतूंमुळें मेंदूंत गांठी होतात. तसेंच डुकराच्या पट्टकृमीचीं अंडीं पोटांत गेल्यामुळें मेंदूंत कृमीच्या गांठी होतात. हीं अंडीं न धुतलेल्या भाज्या, घाण पाणी व अस्वच्छ हात यांवाटे पोटांत जातात. म्हणून जन्मांत मांस न खाल्लेल्या माणसासही हा विकार होऊं शकतो. या दोन्ही प्रकारच्या गांठी बहुधा औषधांनीं बऱ्या होतात. तेव्हां ‘डोक्यांत गांठ आहे’ एवढें ऐकून हातपाय गाळूं नयेत. गांठ कोणती हें आधीं समजून घ्यावें.

मेंदूंतील गांठीचीं लक्षणें

लक्षणें दोन कारणांनीं उद्भवतात. पहिलें कारण एकंदर दाब. डोकें दुखतें, तें विशेषतः सकाळीं उठल्यावर, आणि आडवें पडल्यानें, खोकल्यानें किंवा वांकल्यानें वाढतें. मळमळ नसतांही एकाएकीं ओकारी होते. दृष्टि अंधुक होते किंवा एकाचे दोन दिसतात. डोळ्यांचा वैद्य यंत्रांतून पाहतो तेव्हां डोळ्याच्या मागील तंतू सुजलेला दिसतो. गांठीनें द्रवाची वाट अडविली तर हीं लक्षणें झपाट्यानें वाढतात. गुंगी येते, आणि मग तास मोजून धांवपळ करावी लागते.

दुसरें कारण म्हणजे गांठीची जागा. हालचालीच्या केंद्राजवळ असेल तर एक हात किंवा पाय दुबळा होतो. वाणीच्या केंद्राजवळ असेल तर शब्द आठवत नाहींत. कपाळामागील भागांत असेल तर स्वभाव पालटतो. शांत माणूस चिडखोर होतो, उद्योगी माणूस निरुत्साही होतो. लहान मेंदूंत असेल तर चालतांना झोक जातो. पुष्कळांत पहिलें लक्षण आंकडी हेंच असतें, आणि आयुष्यांत कधींही फीट न आलेल्या मोठ्या माणसास ती प्रथम आली तर तपासणी केल्यावांचून राहूं नये.

मुलांच्या बाबतींत शिक्षकाची नजर फार उपयोगी पडते. नीटनेटकें अक्षर काढणाऱ्या मुलाचें अक्षर कांहीं आठवड्यांत वेडेंवांकडें होतें. खेळांत पुढें असणारी मुलगी सरळ रस्त्यावर अडखळते. मान एका बाजूस कलती राहते. डोळा नव्यानें तिरळा होतो. सकाळच्या पहिल्या तासास मूल ओकतें व दुपारीं बरें असतें. हुशार मूल मागें पडतें. अशा मुलास आळशी किंवा ढोंगी ठरविणें सोपें असतें, आणि छडीचा किंवा टोमण्याचा उपायही सोपा असतो. परंतु दर वेळीं तो आळस नसतो. बदल नवा असेल व वाढत असेल तर मुलास रागें भरण्यापूर्वीं वैद्यास दाखवावें.

याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, बहुतेक डोकेदुखी गांठीची नसते. चष्म्याची गरज, अपुरी झोंप, उपास, सर्दी, ऊन आणि अर्धशिशी हींच तिचीं नेहमींचीं कारणें. एकटी डोकेदुखी जुनी व जशीच्या तशी असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं. ती नवी असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, किंवा वरच्यांपैकीं दुसरें लक्षण तिच्या जोडीस आलें असेल तर मात्र वाट पाहूं नये.

मज्जारज्जूंतील गांठी

मज्जारज्जूच्या गांठी मेंदूच्या गांठींहून विरळ आहेत. त्यांचे जागेवरून तीन वर्ग करितात. आवरणाच्या बाहेर, मणक्याच्या हाडांत होतात त्या. या बहुधा इतर ठिकाणच्या कर्करोगांतून आलेल्या असतात. आवरणाच्या आंत पण रज्जूच्या बाहेर होतात त्या. या बहुधा सौम्य असतात व काढतां येतात. आणि खुद्द रज्जूच्या आंत होतात त्या. या काढणें सर्वांत नाजूक.

पहिलें लक्षण बहुधा पाठदुखी. ओझें उचलल्यानें होणारी पाठदुखी विश्रांतीनें कमी होते. ही मात्र रात्रीं निजल्यावर वाढते व झोंपेंतून उठविते. त्यानंतर पायांस मुंग्या येतात, चप्पल पायांतून निसटली तरी कळत नाहीं, जिना चढतांना पाय लटपटतात. लघवी व शौच यांवरील ताबा सुटूं लागला तर तो निकडीचा इशारा समजावा. रज्जूवर फार वेळ दाब राहिला तर गेलेली शक्ति परत येणें कठीण होतें. पाय चालत असतांना जो रोगी शस्त्रवैद्यापाशीं पोंचतो तो पुढेंही चालण्याची आशा अधिक असते. पाय पूर्ण गेल्यावर पोंचणाऱ्याची आशा कमी होते. या एका वाक्यांत मज्जारज्जूच्या गांठीचें सारें व्यवहारज्ञान आलें.

धाडसाचा इतिहास

एके काळीं कवटी उघडणें म्हणजे मृत्यूस बोलावणें असें मानीत. मेंदूच्या कोणत्या भागाचें काम कोणतें हें ठाऊक नव्हतें, आणि जखम पिकून रोगी दगावत असे. पहिली अडचण हळूहळू दूर झाली. फ्रान्समध्यें ब्रोका यानें १८६१ सालीं वाणीच्या केंद्राची जागा दाखविली. जर्मनींत फ्रिट्श व हिट्झिग यांनीं १८७० सालीं हालचालीचें केंद्र दाखविलें. दुसऱ्या अडचणीवर लिस्टर यानें जंतुनाशक द्रवाचा उपाय काढला. ग्लासगो येथील मॅकइवेन यानें १८७९ सालीं एका मुलीच्या मेंदूच्या आवरणावरील गांठ काढली व ती मुलगी पुढें कित्येक वर्षें जगली.

लंडन येथें १८८४ सालीं स्कॉटलंडांतील एक तरुण शेतकरी आला. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस व डाव्या हातास आंचके येत. मग तो हात व पाय दुबळे झाले. बेनेट या वैद्यानें केवळ लक्षणांवरून अनुमान केलें कीं, उजव्या बाजूच्या हालचालीच्या केंद्रांत लहानशी गांठ असली पाहिजे. त्या काळीं क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं लिस्टरचा भाचा रिकमन गॉडली यानें कवटी उघडली, आणि सांगितलेल्या ठिकाणींच अक्रोडाएवढी गांठ सांपडली. रोगी शुद्धीवर आला, आंचके थांबले. परंतु जखमेंत जंतू शिरून सुमारें चार आठवड्यांनीं तो वारला. एका अर्थीं हें अपयश होतें. तरीही बुद्धीनें बांधलेला तर्क हाडाखालीं खरा ठरला होता, आणि तेंच पुढील सर्व प्रयत्नांचें भांडवल झालें.

तीन वर्षांनीं, ९ जून १८८७ रोजीं, व्हिक्टर हॉर्स्ली यानें लंडन येथेंच एका लष्करी कप्तानाच्या मज्जारज्जूवरील गांठ काढली. हा गृहस्थ कित्येक वर्षें पाठीच्या असह्य वेदनांनीं त्रासला होता व शेवटीं त्याचे दोन्ही पाय गेले होते. गॉवर्स या वैद्यानें निदान केलें होतें. प्रथम उघडलेल्या जागीं कांहीं दिसेना. तेव्हां हॉर्स्लीनें आणखी वरचा मणका उघडला, आणि तेथें रज्जूवर दाबून बसलेली गांठ सांपडली. तो कप्तान पुढें चालूं लागला व आपल्या उद्योगास लागला.

यानंतर कुशिंगनें रक्तस्राव थांबविण्यासाठीं चांदीच्या बारीक चिमट्या व विजेची सुरी यांचा उपयोग करून हें शास्त्र स्थिर पायावर आणिलें. रोएंटगेन यानें १८९५ सालीं क्ष-किरण शोधिले होते, पण साध्या क्ष-किरणांत मऊ मेंदू दिसत नाहीं. ती उणीव भरून काढणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या ई. एम. आय. कंपनींत तो यंत्रशास्त्रज्ञ होता. त्यानें अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून गणकयंत्राकडून मेंदूच्या कापांचीं चित्रें तयार करविलीं. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या विंबल्डन भागांतील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत पहिल्या रोग्याचें चित्र घेतलें गेलें, आणि तिच्या मेंदूंतील विकार त्यांत स्पष्ट दिसला. १९७९ सालीं त्यास अ‍ॅलन कॉरमॅक यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. परीक्षेंतील गुणांनीं खचून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आजचें निदान

वैद्य प्रथम हकीकत ऐकतो, चालवून पाहतो, डोळे तपासतो, गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहतो. त्यानंतर चित्रें. सी. टी. स्कॅन थोड्या वेळांत होतो व निकडीच्या वेळीं उपयोगी पडतो. एम. आर. आय.मध्यें क्ष-किरण नसतात. चुंबक व रेडिओलहरी यांच्या साहाय्यानें चित्र निघतें, आणि मेंदू व मज्जारज्जू यांच्या गांठी त्यांत अधिक स्पष्ट दिसतात. यंत्राचा आवाज मोठा असतो, पण वेदना होत नाहीं.

चित्रावरून अंदाज बांधतां येतो. खात्री बहुधा गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच होते. यास बायोप्सी म्हणतात. ‘सुई लावली कीं गांठ पसरते’ या समजुतीनें कित्येक लोक तिला नकार देतात. ती समजूत चुकीची आहे. हल्लीं पेशींतील जनुकांचीही परीक्षा होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणांत त्या परीक्षेस मोठें स्थान दिलेलें आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं सारख्या दिसणाऱ्या दोन गांठींची चाल जनुकांवरून निराळी ठरते व त्याप्रमाणें उपचारही निराळा ठरतो.

उपचार

सर्वच गांठींवर ताबडतोब शस्त्र चालवितात असें नाहीं. वृद्ध माणसाच्या डोक्यांत योगायोगानें सांपडलेली लहान सौम्य गांठ असेल तर ठराविक काळानें चित्र काढून तिच्यावर नुसती नजर ठेवितात. सूज असेल तर स्टिरॉइड औषधानें ती उतरते व रोग्यास थोड्याच दिवसांत हुशारी वाटते. पण तें औषध गांठ घालवीत नाहीं, आणि स्वतःच्या मनानें तें घेणें वा एकदम बंद करणें धोक्याचें असतें. आंकडीसाठीं औषधें असतात; तीं एक वेळही चुकवूं नयेत.

मुख्य उपचार तीन. पहिला शस्त्रक्रिया. शस्त्रवैद्य सूक्ष्मदर्शकांतून पाहत, चित्रांचा नकाशा समोर ठेवून गांठ काढतो. पियूषिका ग्रंथीची गांठ पुष्कळदां नाकावाटेंच काढतात. कवटी उघडावी लागत नाहीं. गांठ वाणीच्या केंद्राजवळ असेल तर रोग्यास मध्येंच जागें करून त्याच्याशीं बोलत काम करितात. खुद्द मेंदूस वेदना कळत नाहीं, म्हणून हें शक्य होतें. रोगी चित्रांतील वस्तूंचीं नांवें सांगत असतो; नांव अडलें कीं शस्त्रवैद्य हात थांबवितो. सौम्य गांठ पूर्ण निघाली तर पुष्कळ रोगी त्यावरच बरे होतात. मुळें पसरलेली गांठ मात्र सबंध काढूं गेल्यास चांगला मेंदूही कापला जाईल. म्हणून निघेल तेवढीच काढतात. द्रवाची वाट अडली असेल तर बारीक नळी बसवून तो पोटांत उतरवितात.

दुसरा किरणोपचार. उरलेल्या पेशींवर प्रबळ किरण सोडतात. हा उपचार बहुधा आठवड्यांतून पांच दिवस असा कित्येक आठवडे चालतो. स्वीडनमधील लेक्सेल यानें सुमारें दोनशें बारीक किरण एकाच बिंदूवर एकवटण्याची युक्ति काढली. तिला गॅमा नाइफ म्हणतात. नांवांत सुरी असली तरी त्यांत कांहींही कापीत नाहींत. अगदीं लहान मुलांचा मेंदू वाढत असल्यामुळें तीन वर्षांखालील मुलांत किरणोपचार शक्यतों टाळतात.

तिसरा उपचार औषधांचा, म्हणजे केमोथेरपीचा. मेंदूभोंवतीं रक्तवाहिन्यांचा असा पहारा असतो कीं पुष्कळशीं औषधें आंत शिरतच नाहींत. टेमोझोलोमाइड हें गोळीनें घेण्याचें औषध शिरूं शकतें. किरणोपचारास त्याची जोड दिल्यानें ग्लायोब्लास्टोमाच्या रोग्यांचें आयुष्य वाढतें, हें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. वाढ मात्र थोडी होती. सरासरी १२ महिन्यांवरून सुमारें १५ महिन्यांवर. हा आंकडा कठोर आहे, व तो लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याच्याच शेजारीं दुसरा आंकडा ठेविला पाहिजे. मेडुलोब्लास्टोमा हा एके काळीं मुलांचा हमखास काळ होता. आज चांगल्या केंद्रांत शस्त्रक्रिया, किरण व औषधें हीं तिन्ही वेळेवर मिळालेल्या मुलांपैकीं सुमारें दहांपैकीं सात मुलें पांच वर्षांनंतरही जिवंत असतात. जेथें रोग बरा होत नाहीं तेथेंही वेदना शमविणें, झोंप आणणें व कुटुंबास आधार देणें हा उपचारच आहे.

आपल्या देशांतील सोय

स्वतंत्र भारतांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ सालीं वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत डॉ. जेकब चंडी यांनीं सुरू केला. ते कॅनडांत माँट्रियल येथें वाइल्डर पेनफील्ड या थोर शस्त्रवैद्यापाशीं शिकून आले होते. पुढील वर्षीं मद्रासेस डॉ. बी. राममूर्ति यांनीं तेंच कार्य आरंभिलें. मुंबईस परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रांत २०२३ सालीं प्रोटॉन किरणोपचारही सुरू झाला. महाराष्ट्रांत महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत मेंदूच्या शस्त्रक्रिया व कर्करोगावरील उपचार यांचा समावेश आहे. तेव्हां खर्चाच्या भीतीनें रोगी घरीं ठेवण्यापूर्वीं रुग्णालयांतील समाजसेवा विभागांत चौकशी अवश्य करावी.

कांहीं गैरसमज

हा रोग संसर्गजन्य नाहीं. रोग्याच्या शेजारीं बसल्यानें, त्याच्या ताटांत जेवल्यानें होत नाहीं. फार अभ्यास केल्यानें होत नाहीं; तें निमित्त विद्यार्थ्यांनीं शोधूं नये. बहुतेक रोग्यांत कारण सांगतां येत नाहीं. डोक्यावर पूर्वीं झालेला प्रबळ किरणोपचार व कांहीं विरळ आनुवंशिक विकार हीं मात्र निश्चित कारणें आहेत. मोबाईल फोनविषयीं फार बोललें जातें. जागतिक आरोग्य संघटनेनें करविलेल्या व २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आढाव्यांत फोनच्या वापराचा मेंदूच्या कर्करोगाशीं संबंध आढळला नाहीं. फोन कमी वापरण्यास दुसरीं चांगलीं कारणें पुष्कळ आहेत.

आंकडीविषयींचा गैरसमज सर्वांत अपायकारक. ती बाहेरची बाधा नव्हे, पापाचें फळ नव्हे, आणि लपवावयाची लाजही नव्हे. मुलीला फीट येते हें कळलें तर तिचें लग्न जमणार नाहीं, या धास्तीनें घरचीं माणसें तोंड मिटून बसतात, अंगारे-धुपारे करितात, आणि तेवढ्या काळांत आंतली गांठ वाढत राहते. लौकिक सांभाळण्याच्या भरांत लेक गमावूं नये. वर्गांत कोणास आंकडी आली तर विद्यार्थ्यांनीं असें करावें: त्यास जमिनीवर कुशीवर निजवावें, जवळचें बांक व दप्तरें दूर सारावींत, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवावें, गळ्याशीं कपडा सैल करावा व घड्याळ पाहावें. तोंडांत चमचा, बोट किंवा पाणी घालूं नये. हातपाय दाबून धरूं नयेत. कांदा वा जोडा हुंगवूं नये. पांच मिनिटांत आंकडी थांबली नाहीं तर ताबडतोब रुग्णालय गांठावें. आणि तो मुलगा शुद्धीवर येईल तेव्हां त्याच्याभोंवतीं हंसणारीं तोंडें नसावींत.

उपचारानंतर

शस्त्रक्रिया झाली म्हणजे सर्व संपलें असें नव्हे. दुबळ्या हातापायांस व्यायाम द्यावा लागतो, अडखळत्या वाणीस शिकवावें लागतें, चित्रें काढून पुन्हां पुन्हां तपासावें लागतें. शाळेंत परतलेलें मूल लवकर थकतें, त्यास आठवण्यास वेळ लागतो, किरणांमुळें केंस गेलेले असतात. अशा वेळीं शिक्षकानें त्यास पुढच्या बांकावर जागा व उत्तरास थोडा अधिक वेळ द्यावा; सोबत्यांनीं वह्या द्याव्या व टोपीवरून थट्टा करूं नये. शस्त्रवैद्यानें वाचविलेलें मूल पुन्हां आपल्यांत रुळविणें हें काम घराचें व शाळेचें आहे, आणि त्यास कोणत्याही यंत्राची गरज नाहीं.

पालकांस शेवटीं एवढेंच सुचवावयाचें कीं, मुलांकडे लक्ष द्यावें, पण त्यांच्या प्रत्येक डोकेदुखीनें भेदरून जाऊं नये. नवी, वाढती व जोडीस दुसरें लक्षण घेऊन येणारी तक्रार दिसली तर मांत्रिकाचा उंबरठा टाळून वैद्याचा गांठावा. विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें वैद्य होतील, कांहीं हाउन्सफील्डप्रमाणें यंत्रें शोधतील. आणि बाकीचे सर्व जण, कोणास आंकडी आली असतां काय करावें व काय करूं नये हें जाणणारे शेजारी होतील. या रोगांत त्या तिघांचीही सारखीच गरज आहे.